कुत्र्याचा सातबारा कोणाच्या नावावर?

हौस शहराची, राखण गावाची! पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये न मावलेला ‘ब्रीड डॉग’ गावी आई-बाबांकडे रवाना होतो, तेव्हा त्याच्यासोबत आणखी काय काय जातं? खान्देशातल्या पहूरहून एक रिपोर्ट.

पहिला पगार, मग बाईक, मग गाडी, मग टू बीएचके आणि त्याचा वीस वर्षांचा ईएमआय. ही यादी आपल्या सगळ्यांची पाठ आहे. आता त्यात एक नवा आयटम ॲड झालाय. ब्रीड डॉग! आणि तोही साधासुधा नको. पॉमेरेनियन आजीबाईंचा, लॅब्राडोर फॅमिलीवाल्यांचा. आपल्याला पाहिजे रॉटवायलर, नाहीतर पिटबुल. सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक दोन पावलं मागे सरकले की कसं सॉलिड वाटतं!

पिल्लू दोन महिन्यांचं असतं तोवर सगळं गोडच असतं. ऑफिसच्या ग्रुपवर फोटो जातात, टीम लीडपासून सगळे ‘सो क्यूट’ म्हणतात. पण रॉटवायलरचा पूर्ण वाढलेला नर 50 किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या एखाद्या सडपातळ मुलीएवढा! मग सोफा फाटतो. कामवाली मावशी ‘एक तर तो, नाहीतर मी’ असं अल्टिमेटम देते. सोसायटीची नोटीस येते. नेमकी त्याच वेळी ऑनसाइटची संधी येते, किंवा घरात बाळाची चाहूल लागते. आणि मग कोणाला तरी ते जादूचं वाक्य सुचतं.

‘गावी पाठवू या. तिथे मस्त मोकळी जागा आहे.’

या वाक्याचा पुढचा भाग आपण सहसा ऐकत नाही, कारण तो घडतो तेव्हा आपण परत शहरात पोचलेले असतो. मी तो पहूरमध्ये पाहिला.

पहूर, तालुका जामनेर

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की नेरी मागे पडल्यावर पहूर लागतं. पुढे वाकोद, फर्दापूर आणि अजिंठ्याची लेणी. थोडक्यात काय, तर कॉलेजच्या ट्रिपला लेणी बघायला जाताना तुम्ही इथे बहुतेक चहा घेतलाय आणि गावाचं नाव विसरलायत! वाघूर नदीकाठचं हे गाव म्हणायला एक, पण कारभाराला दोन. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन वेगळ्या ग्रामपंचायती आहेत. पाचोरा-जामनेर नॅरोगेजची ‘पीजे’ 2020 मध्ये बंद झाली, तोवर तीही इथे थांबायची.

इथे माझी आत्या राहते. एकटीच. वय 66, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र अजून खणखणीत. तिचा मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही भावंडं त्याला दादा म्हणतो. दादाने वाकडच्या फ्लॅटमध्ये ब्रूनो नावाचा रॉटवायलर आणला, सव्वा वर्ष हौसेने सांभाळला आणि एका शनिवारी गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पहूरला आणून सोडला. आत्याला सांगितलं, ‘आई, तुलाही सोबत होईल.’

सोबत! आत्या त्याला भाकरी घालायची, पाण्याचं भांडं भरायची. पण फिरवायला कोण नेणार? 50 किलोंचा कुत्रा आणि 66 वर्षांचे गुडघे, यांची रस्सीखेच कशी संपेल ते सांगायला नको. मग गेटच्या आतल्या बाजूला साखळी लागली आणि ब्रूनोचं जग त्या साखळीएवढं झालं. त्यात आपला खान्देशचा उन्हाळा. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. काळ्या कातडीचा, दाट केसांचा, थंड देशातून आलेल्या जातीचा तो प्राणी दिवसभर पत्र्याच्या सावलीत धापा टाकत असायचा. ‘पन माझं नाही ऐकत तो,’ आत्या म्हणायची. ‘दादाचंच ऐकतो.’

आणि दादा तर पुण्याला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दूध घालणारा पोरगा नेहमीसारखा गेट ढकलून आत आला. बारावीतला मुलगा, कॉलेजच्या आधी दुधाचा रतीब घालणारा. साखळीचा हूक तुटला होता. शेजारच्यांनी काठी आणि गोणपाट घेऊन ब्रूनोला मागे ढकलेपर्यंत पोराच्या पोटरीत दोन खोल जखमा झाल्या होत्या. सरकारी दवाखान्यात जखम धुतली गेली, लस आणि जखमेतलं सीरम दोन्ही मिळालं, जिवावरचं निभावलं. पण पुढचे कितीतरी दिवस रतीब बंद, सायकल बंद, आणि परीक्षा तोंडावर.

मी त्याच आठवड्यात पहूरला गेले होते. संध्याकाळी पोराचे वडील आले. चढा आवाज नाही, शिव्या नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, ‘मावशी, कुत्रं कोनाचं हाये?’

‘पोराचं हाये भाऊ.’

‘पोरगं कुठं हाये?’

‘पुन्याले.’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मंग मी बोलू कोनाशी?’

या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. ब्रूनोचं ना लायसन्स, ना नोंद, ना गळ्यात बिल्ला. पुण्यात त्याचं लसीकरण झालं होतं, पण ते कार्ड वाकडच्या फ्लॅटमधल्या कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये. गावात बांधावरच्या आंब्याचीसुद्धा सातबाऱ्यावर नोंद होते. 50 किलोंच्या या जिवंत ऐवजाची मात्र कुठेच नाही!

23 जातींची यादी

‘असे कुत्रे बॅनच करायला हवेत,’ ही आपली पहिली रिॲक्शन असते. सरकारचीही तीच होती.

जुलै 2022 मध्ये लखनौमध्ये एका पिटबुलने घरातल्याच वृद्ध आईचा जीव घेतला. कुत्रा मुलाचा होता आणि हल्ला झाला तेव्हा मुलगा बाहेर गेला होता. वय 80 च्या पुढे, घरात एकटी आणि सोबतीला मुलाच्या हौसेचा कुत्रा! या घटनेनंतर उत्तरेत एकच धावपळ उडाली. त्याच वर्षी कानपूर आणि गाझियाबाद महापालिकांनी पिटबुल, रॉटवायलर अशा जाती पाळायला बंदी घातली.

मग 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. 23 प्रकारच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, आधीपासून असलेल्यांची नसबंदी करा, असा त्याचा अर्थ. यादी मोठी मजेदार होती. तोसा इनू हे नाव तिच्यात एकदा होतं आणि पुढे जपानी तोसा असं पुन्हा होतं. कुत्रा एकच! ‘टेरियर’ असा एकच शब्द टाकला होता. टेरियर म्हणजे पिटबुलही आणि मांडीवर मावणारा यॉर्कीही. आता पोलिसांनी यॉर्कीलाही पकडायचं का?

हे पत्र फार टिकलं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी ते रद्द केलं. ज्यांचा संबंध येतो त्यांचं म्हणणंच ऐकून घेतलं नाही, हा मुख्य आक्षेप. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते बाजूला सारलं गेलं आणि मे 2024 मध्ये केंद्राने लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या.

जातीवर बंदीचा फंडा परदेशातही सगळीकडे एकसारखा चाललेला नाही. ब्रिटनने 1991 च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टमध्ये चार जातींवर बंदी घातली. तीस वर्षांनी तिथे एक्सएल बुली नावाचा नवाच धिप्पाड प्रकार लोकांचे जीव घेऊ लागला आणि फेब्रुवारी 2024 पासून सवलतीच्या दाखल्याशिवाय तो पाळणं गुन्हा ठरवावं लागलं. नेदरलँड्सने मात्र 15 वर्षांनंतर, 2008 मध्ये, पिटबुलबंदी मागे घ्यायचं ठरवलं. कारण? चावे कमी झाले नाहीत!

म्हणून जातीचा काहीच संबंध नाही असंही नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या चावऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जाती जास्त दिसल्याच. पण त्यासोबत आणखी गोष्टी दिसल्या. चावणाऱ्यांमध्ये नर जास्त, नसबंदी न झालेले जास्त आणि अंगणात साखळीला बांधलेले जास्त. ब्रूनो या तिन्ही रकान्यांत बसतो. आणि या तीनपैकी दोन गोष्टी कुत्र्याने ठरवलेल्या नाहीत!

शिवाय यादीत नसलेल्यांचं काय? फेब्रुवारी 2018 मध्ये वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये हस्कीने शेजाऱ्याचा चावा घेतला. हस्की 23 जणांच्या यादीत नाही. पण मे 2025 मध्ये कोर्टाने त्याच्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली. यादीत नाव असो-नसो, शिक्षा झाली ती पट्टा हातात असलेल्या माणसाला.

ताबा कोणाचा, मालक कोण?

इथे आपल्याला वाटतं तसं कायद्याचं कपाट रिकामं नाहीये. उलट भरपूर आहे, फक्त कोणी उघडत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये, एवढी काळजी जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच कलम 289 होतं आणि दंड होता 1,000 रुपये.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम तर 1951 चा. त्याचं कलम 106 सांगतं की हिंस्र कुत्रा तोंडाला मुसकं न घालता रस्त्यावर मोकळा सोडायचा नाही आणि कोणाच्या अंगावर कुत्रा घालायचा नाही. मुसकं म्हणजे शहरी भाषेत मझल. आपल्याकडे मळणीच्या बैलाला मुसकं बांधायची पद्धत केवढी जुनी! कुत्र्याला ते घालायचं म्हटलं की मात्र आपल्याला वाईट वाटतं.

कायदे वापरलेही जातात, पण कासवाच्या गतीने. दक्षिण मुंबईत 2010 मध्ये एका रॉटवायलरने एका ज्येष्ठ नागरिकाला चावे घेतले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली जानेवारी 2023 मध्ये. म्हणजे निकाल लागायला कुत्र्याच्या आयुष्याहून जास्त वेळ लागला! जुलै 2025 मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या 11 वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडल्याचा व्हिडिओ देशभर फिरला, तेव्हा गुन्हा नोंदला गेला तो याच कलम 291 खाली आणि दुखापतीच्या कलमाखाली.

आता पुन्हा एकदा त्या 291 कडे या आणि एकच शब्द नीट वाचा. ‘ताबा’. तिथे ‘मालक’ असं लिहिलेलं नाही.

झटका बसला ना? मला बसला होता. ब्रूनो विकत घेतला दादाने, नाव ठेवलं दादाने, फोटो टाकले दादाने. पण त्या सकाळी ब्रूनो होता आत्याच्या गेटच्या आत, आत्याच्या साखळीला, आत्याच्या ताब्यात. पोराच्या वडिलांनी पोलीस ठाण्याची पायरी चढली असती, तर पोलीस सगळ्यात आधी ज्या दारात आले असते ते दार हिंजवडीत नाही, पहूरमध्ये आहे. दादावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा होऊ शकला असता, तोही हलगर्जीपणाच्या साखळीत ओढला गेला असता, हे खरं. पण पहिलं उत्तर द्यावं लागलं असतं 66 वर्षांच्या बाईला, जिने कुत्रा मागितलाच नव्हता.

गंमत म्हणजे ‘मालक’ हा शब्द दुसऱ्या एका कायद्यात आहे. प्राण्यांशी क्रूर वागणुकीला बंदी करणारा 1960 चा कायदा म्हणतो, की कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर तीही क्रूरता. इथे मात्र दादा थेट कचाट्यात! पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. वाकडला एवढ्यात दोन वडापावही धड येत नाहीत.

थोडक्यात हिशेब असा. कुत्रा दुःखी असेल तर जबाबदार मालक, दंड 50 रुपये. कुत्रा चावला तर जबाबदार ताबेदार, शिक्षा सहा महिने. शहरातला मुलगा आणि गावातली आई यांच्यात कायद्याने केलेली ही वाटणी!

बिल्ला महापालिकेत, खुंटी गावात

मोकाट कुत्र्यांवर देशभर एवढी चर्चा झाली, की 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये दोनदा आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा आदेश दिले. शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून कुत्रे हलवा इथपर्यंत. पण पाळीव कुत्र्याचं काय? त्याला तर हक्काचा माणूस आहे, मग त्या माणसाची नोंद कुठे करायची?

महापालिकांचा 1949 चा कायदा आणि नगरपरिषदांचा 1965 चा कायदा, दोन्हींत कुत्र्यांवर कर लावायची सोय आहे. मुंबई-पुण्यात पाळीव कुत्र्याचं लायसन्स काढावं लागतं. जळगावला महापालिका आहे, जामनेरला नगरपरिषद, शेजारच्या शेंदुर्णीला 2018 पासून नगरपंचायत. पहूर मात्र ग्रामपंचायतींचं. म्हणजे वाकडमध्ये ज्या कुत्र्याला लायसन्स लागतं, तोच कुत्रा पहूरच्या वेशीत शिरला की त्या कायद्यांच्या कक्षेबाहेर जातो. आणि कुत्र्याला पेठ कुठे संपते, कसबे कुठे सुरू होतं हेही कळत नाही!

गावाला हे जमणार नाही असं मुळीच नाही. केरळने 1998 मध्येच पंचायतींसाठी कुत्र्यांच्या परवान्याचे नियम केले. तिथे खेड्यातला माणूसही लस टोचल्याचा दाखला घेऊन पंचायतीत जातो आणि परवाना घेतो. आपल्याकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा ग्रामसभा होतात. रस्ते, गटारी, घरकुलं यांच्यासोबत एक साधी नोंदवही मांडायला काय हरकत आहे? कुत्र्याचं नाव, लसीची तारीख, मालकाचं नाव, आणि मालक बाहेरगावी असेल तर त्याचा फोन नंबर. चार रकाने, बस्स!

नोंद नसली की काय होतं, याचा धडा मुंबईने फार पूर्वी घेतलाय. 1832 मध्ये कंपनी सरकारने शहरातले मोकाट कुत्रे मारायचा हुकूम काढला आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. आठ आणे मिळतायत म्हटल्यावर मोकाट कोणता नि घरचा कोणता हे कोण बघतो? पकडणारे घरच्या कुत्र्यांनाही हात घालू लागले. 6 जून 1832 ला फोर्टातले पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. शेवटी कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर हलवायचं ठरलं. सरकारने कुत्रे मोजले होते, त्यांची माणसं मोजली नव्हती.

पाच तासांचा नाही, पाच मिनिटांचा निर्णय

दादा त्या शनिवारी आला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, डोळे लाल. आल्या आल्या आत्याला म्हणाला, ‘आई, आपण त्यांना किती पैसे देऊ या?’

आत्या भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, ‘पैसे मंग दे. आधी जाऊन सांग, कुत्रं माझं हाये म्हणून.’

दादा गेला. मी सोबत होते. पोराच्या वडिलांनी खाट पुढे केली, चहा सांगितला. दादाने पहिलं वाक्य तेच म्हटलं. पुढचं सगळं सोपं झालं. दवाखान्याच्या फेऱ्यांचा खर्च, बुडालेला रतीब, शिकवणीला जायला रिक्षा. आकडा दोघांनी मिळून ठरवला. वडील एवढंच म्हणाले, ‘तुम्ही आले हे बरं झालं भो. नाहीतर मावशीला काय बोलनार होतो मी?’

ब्रूनोचं काय? त्याला मारा असं त्या घरातल्या कोणीही म्हटलं नाही. दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवलं, तो ठणठणीत होता. मग दादाने तीन गोष्टी केल्या. नसबंदी करून घेतली. साखळी काढून मागच्या अंगणात जाळीचं मोठं आवार बांधलं, वर झाप टाकून सावली केली. आणि गावातल्याच एका तरुणाला पगार ठरवून सकाळ-संध्याकाळ मुसकं घालून फिरवायचं काम दिलं. गेटवर पाटी लागली: कुत्रा आहे, आवाज द्या. खाली दादाचं नाव आणि मोबाइल नंबर.

आता ब्रूनो भुंकला तरी फोन वाजतो तो हिंजवडीत, मीटिंगच्या मधे. तसाच तो वाजायला हवा.

‘गावी पाठवू या’ म्हणण्याआधी...

* विचारा, कळवू नका. आईला ‘सोबत होईल’ सांगण्याआधी तिला खरंच हवाय का, आणि पट्टा तिच्या हातात टिकेल का, हे बघा. कोणाच्या ताब्यात देताय त्यावर कायदा ठरतो.

* पिल्लू घेतानाच थांबा. 2017 च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पार्किंगमध्ये खोक्यातून पिल्लू काढून दाखवणाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा. बहुतेक वेळा तिथेच डील संपतं!

* कागद कुत्र्यासोबत जाऊ दे. लसीचं कार्ड, लायसन्स, तुमचा फोन नंबर गावच्या घरी भिंतीवर लावा. ड्रॉवरमध्ये नको.

* साखळी हा उपाय नाही. उंच जाळी, सावली, रोजचं फिरणं आणि बाहेर नेताना मुसकं. हे चारही गावी जमणार नसेल, तर कुत्राही गावी जमणार नाही.

* नसबंदी टाळू नका. रेबीजची लस दरवर्षी, न चुकता.

* चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. दंडात कातडीत द्यायच्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात, एकही चुकवायचा नाही. रक्त आलं असेल तर सीरमबद्दल डॉक्टरांना विचारा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बांधून लक्ष ठेवा.

* आणि शेवटचं. चावल्यावर पहिला फोन वकिलाला नाही. ज्याला चावला त्याच्या घरी.

कुठली जात बॅन होईल, कधी होईल, कोर्ट काय म्हणेल, हे वर्षानुवर्षं चालत राहील. पण पुढच्या वीकेंडला एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर एखादा ब्रूनो बसेल आणि गाडी खान्देशच्या, मराठवाड्याच्या, कोकणाच्या रस्त्याला लागेल. ती गाडी तुमची असेल तर गावाच्या वेशीवर एक मिनिट थांबा. ‘कुत्रं कोनाचं हाये?’ असं कोणी विचारलं, तर तुमच्या आईला काय उत्तर द्यावं लागेल ते तिथेच ठरवून टाका.